प्रमाण कोणाचं? बागेतली रेल्वे आणि वारली चौक

विषय ऐकून काहींना वाटलं असेल, की तत्त्वज्ञानाचे हे निवृत्त प्राध्यापक अखेर खेळण्यांवर आले. आलो खरे! डहाणूतल्या एका स्नेह्यांच्या चिकूवाडीत आम्ही दोघे म्हातारे झाडांच्या बुंध्यांमधून छोटी रेल्वे चालवतो. या छंदात एक जुना वाद आहे. एकाच रुळावर वेगवेगळ्या प्रमाणांची मॉडेलं चालवावीत का? शुद्धतावादी म्हणतात, मुळीच नाही. या ‘मुळीच’ची आज समीक्षा करू.

आधी थोडा हिशोब, कारण त्याशिवाय वाद कळायचा नाही. बागेतल्या रेल्वेचे रूळ बहुधा ४५ मिलिमीटर रुंदीचे असतात. आता हे ४५ मिलिमीटर नेमके कशाची प्रतिकृती? १९६८ साली एलजीबी या जर्मन कंपनीच्या गाड्या आल्या, तेव्हा ते मीटरगेज समजले गेले आणि प्रमाण ठरलं १:२२.५. युरोपातला १४३५ मिलिमीटरचा रूळ मानला, तर प्रमाण होतं १:३२. डहाणू रोडवरून धावणारी आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. तिच्यासाठी १:३७ धरावं लागतं. माथेरानची गाडी घ्या, तिचा रूळ ६१० मिलिमीटरचा, म्हणजे प्रमाण जवळजवळ १:१३.५. रूळ एकच, पण प्रमाणं चार.

आणि इथे डहाणू-तलासरीकरांची खास पंचाईत आहे. या दोन तालुक्यांतून ५०८ किलोमीटरच्या मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग जातो, आणि तिचा रूळ १४३५चा. म्हणजे आपल्याच परिसरातल्या दोन गाड्या वाडीतल्या एकाच रुळावर आणायच्या, तर एक १:३७ आणि दुसरी १:३२ अशीच करावी लागेल. रुळाशी प्रामाणिक राहिलात, तर गाड्यांची प्रमाणं जुळत नाहीत. गाड्यांचं प्रमाण एक ठेवलंत, तर रूळ खोटा ठरतो. शुद्धता दोन्हीकडून एकदम पाळता येत नाही.

शुद्धतावाद्यांना आमचा दुसरा प्रश्न आहे. बाग कोणत्या प्रमाणाची? चिकूचं पान १:१. मुंगी १:१. पावसाचा थेंब पडला की डब्याच्या छपरावर तळं साचतं. घरातल्या टेबलावर झाड, डोंगर, नदी सगळं आपण मापून करतो. बागेत ती सोय नाही. बागेतली रेल्वे पहिल्या दिवसापासून मिश्र प्रमाणाचीच असते. तेव्हा मिसळावं की नाही, हा वादच थोडा फोल आहे. मिसळलेलं आहेच, ते कसं मिसळावं एवढंच विचारता येतं.

मग काहीही चालतं का? आम्हालाही काही दिवस तसं वाटलं होतं. ब्रॉडगेजची रुंदी साडेपाच फूट, म्हणजे मध्यम उंचीच्या माणसाएवढी. त्यामुळे १:३७ मध्ये प्रवासी ४५ मिलिमीटरचा होतो. आम्ही तशी माणसं फलाटावर उभी केली. ती कमी पडली, म्हणून १:२२.५ची तयार माणसं आणून शेजारी ठेवली. ती निघाली ७५ मिलिमीटरची! वाडीत काम करणाऱ्या एक वारली बाई बघत होत्या. त्यांनी विचारलं, “हा मोठा कोण, साहेब का?”

आम्ही हसलो, पण प्रश्न डोक्यातून जाईना. दोन झाडं लहानमोठी असली तर कुणी कारण विचारत नाही. दोन माणसं लहानमोठी दाखवली, की बघणारा कारण मागतो. आणि ते दिलं नाही, तर जगात चालतं तेच कारण तो गृहीत धरतो. मोठा म्हणजे साहेब.

प्लेटोच्या ‘सोफिस्ट’ संवादात या वादाचं मूळ सापडतं. तिथे अनुकृतीचे दोन प्रकार केले आहेत. एक मूळ वस्तूची मापं तशीच राखतो. दुसरा, भव्य शिल्प खालून पाहणाऱ्याला बरोबर वाटावं म्हणून मापं बदलतो. प्लेटोला दुसऱ्याचा संशय येतो. आम्हाला वाटतं, संशय रास्त आहे, पण अपुरा. मापं बदलण्याचा तिसरा एक मार्ग आहे आणि तो याच मातीत आहे.

वारली लग्नाचा चौक आठवा. सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर तो लिहितात. मधे पालघट देवी, भोवती झाडं, जनावरं, माणसं. देवी मोठी आहे ती जवळ आहे म्हणून नव्हे. तिच्यावाचून लग्न लागत नाही, म्हणून ती मोठी. मोठेपणाला तिथे कारण आहे आणि ते बघणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदा-कापडावर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांत भोवतालचं जग केवढंही विस्तारलं, तरी काठीएवढ्या माणसाची हालचाल हरवत नाही. उलट कपांवर, पडद्यांवर छापलेली ‘वारली डिझाइन्स’ पाहा. तीच आकृती, तेच माप, ओळीने. तिथे प्रमाण अगदी शुद्ध असतं, पण बोलत काही नाही.

आता उलट टोक पाहू. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे पन्नास मीटर. पाच मीटर रुंदीचं घर तिथे मिलिमीटरचा दहावा हिस्सा भरतं, पेन्सिलीच्या रेघेहून बारीक. नकाशा खोटा नाही, त्याचं प्रमाण काटेकोर आहे. पण ज्यांच्या पाड्यातून महामार्ग किंवा नवा रूळ जायचा आहे, त्यांचं घर रेघेखाली जातं. अशा वेळी तेवढ्या एकाच प्रमाणावर निर्णय घेणं हा शुद्धपणा नव्हे, ती सोय आहे; आणि सोय कोणाची, हे विचारायला हवं.

आपल्या भाषेत ‘प्रमाण’ म्हणजे दोन मापांतलं नातं, आणि ‘प्रमाण’ म्हणजे ज्ञानाचं साधनही. आम्ही चाळीस वर्षं दुसरा अर्थ शिकवला. पहिला शिकायला फलाटावरची ती बाहुली लागली.

वाडीत आम्ही आता एक नियम पाळतो. एका नजरेत मावेल तेवढ्या दृश्यात माणसाचं माप एकच. बुलेट ट्रेनची फेरी पुढे, ब्रॉडगेज मागे, मधे गवती चहाची रांग. ७५ मिलिमीटरची माणसं डब्यात परत गेली. त्या बाईंना नवा फलाट दाखवला. त्यांनी नीट पाहिलं आणि विचारलं, “यात पाडा कुठाय?”

तो अजून केलेला नाही. कोणत्या मापाचा करावा, यावर आमचं दोघांचं भांडण चालू आहे. तुमचं मत ऐकायला आवडेल.