हजेरीपटावरचं नाव

घाटाखालच्या आमच्या शाळेत सातवीला एक मुलगा होता. भाद्रपद ते कोजागिरी घरोघरी भुलाबाईची गाणी चालत. आम्ही पोरं खाऊ ओळखायला जायचो, तो गाणी म्हणायला. वर्गात त्याचं नावच ‘भुलाबाई’ पडलं. गुरुजीही कधी त्याच नावानं हाक मारीत. वर्ग हसे, मीही हसे. सहामाहीनंतर तो शाळेत दिसला नाही.

समलिंगी, पारलिंगी माणसांचा स्वीकार लहान मुलांना शिकवावा का, हा वाद वाचताना मला तो वर्ग आठवतो. ‘एवढ्या कोवळ्या वयात हे कशाला?’ असं विचारणारे एक गोष्ट विसरतात. शाळा हे शिकवतच असते, पण उलटं शिकवते. त्याचा तास वेळापत्रकात नसतो, एवढंच.

मराठी साहित्याला हा विषय नवा नाही. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आलं. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये (२००६) भाऊ आणि बहीण एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात. पण ही सगळी प्रौढांची पुस्तकं. मित्रा भेटते ती कॉलेजात, आणि तिची गोष्ट आत्महत्येपाशी संपते. तिच्या शाळेत काय घडलं असेल, हे कुणी लिहिलं नाही. बालसाहित्यात तर ही जागा जवळपास कोरीच आहे.

मग पुराणं आहेत, असं सांगितलं जातं. बृहन्नडा विराटाच्या राजवाड्यात उत्तरेला नृत्य शिकवते. म्हणजे ती शिक्षिकाच. वर्गात सांगायला कथा उत्तम, पण तिची मर्यादाही ओळखावी. बृहन्नडेला मान मिळतो, कारण आत अर्जुन आहे. ज्याच्या आत अर्जुन नाही, त्याचं काय? शिखंडीचं नाव तर आपण शिवीसारखं वापरतो.

२०२१ साली एनसीईआरटीनं पारलिंगी मुलांच्या समावेशाबद्दल शिक्षकांसाठी पुस्तिका काढली. शौचालय, गणवेश, शिक्षकांचं प्रशिक्षण अशा साध्या बाबी तीत होत्या. वयात येणं लांबवणाऱ्या औषधांचा उल्लेखही होता. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानं आक्षेप घेतला आणि काही दिवसांतच ती संकेतस्थळावरून गेली. पुस्तिकेत दोष होताच: औषधांची चर्चा आणि वर्गातली वागणूक एकाच बासनात बांधायला नको होती. पण ती शिक्षकांसाठी होती, मुलांच्या हाती द्यायची नव्हती. हा भेद गदारोळात पुसला गेला. महाराष्ट्रानं २००७ मध्ये शाळांतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी घातली, तेव्हाही भीतीनं विचाराची जागा घेतली होती.

दुसरीच्या मुलाला शरीरशास्त्र नको आहे. २०१९ मध्ये ‘बालभारती’च्या दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघंही घरकाम करताना दाखवले. त्या चित्रांखाली उपदेश नव्हता, तरी मुलाला जे कळायचं ते कळतं. पुढची पायरीही तेवढीच साधी असावी: गाणारा मुलगा, विटीदांडू खेळणारी मुलगी, आणि त्यांना न हसणारा वर्ग. माणसाला त्याच्या नावानं हाक मारायची, हा धडा पहिलीतही देता येतो.

आमच्या हजेरीपटावर त्या मुलाचं खरं नाव होतं. ते आज कितीही आठवलं तरी आठवत नाही. ‘भुलाबाई’ तेवढं आठवतं.