मांजराचा गोपनीय अहवाल

मांजर डोळे मिटून दूध पिते, ही म्हण आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. आपण डोळे मिटले म्हणजे आपली चोरी जगाला दिसत नाही असा चोराचा समज असतो, हे तिचे तात्पर्य. शासकीय सेवेत असताना आम्ही हाताखालच्या मंडळींचे गोपनीय अहवाल लिहीत असू. एखाद्याची साधी लकबही ‘दोष’ या रकान्यात किती सहज जाऊन बसते, हे त्या वेळी ध्यानी आले. कथावाङ्मयातील मांजर वाचताना त्याचे वारंवार स्मरण होते.

पंचतंत्राच्या ‘काकोलूकीय’ तंत्रात कपिंजल पक्षी आणि ससा ढोलीच्या मालकीचा तंटा घेऊन मांजराकडे जातात. नदीकाठी हाती दर्भ, बाहू उभारलेले, मुख सूर्याकडे आणि डोळे मिटलेले, असे त्याचे सोंग. वार्धक्यामुळे ऐकू येत नाही म्हणून ते दोघांना जवळ बोलावते आणि फस्त करते. महाबलीपुरमच्या सातव्या शतकातील भव्य शिल्पपटातही असेच तपस्वी मांजर मागच्या पायांवर उभे आहे, भोवती उंदीर. कथा म्हणून हे सारे निर्दोष आहे. परंतु त्यात मांजर किती? मांजराच्या कातड्यातला दांभिक मनुष्यच आपण पाहतो, आणि मिटलेले डोळे हा त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरतो.

जपानी कादंबरीकार नात्सुमे सोसेकी यांनी १९०५-०६ मध्ये ‘मी मांजर आहे’ लिहून भूमिकांची अदलाबदल केली. येथे निनावी मांजरच आपल्या मालकाचा, एका शाळामास्तराचा, अहवाल लिहिते. ते फार विद्वान आहे. पुष्कळदा सोसेकीच शेपूट लावून बोलत आहेत असे वाटते. मात्र नववर्षाच्या सुमारास चिकट तांदळाच्या वडीत दात रुतून ते मागच्या पायांवर नाचू लागते, तेव्हा ते निखळ मांजर असते. सोसेकींच्या घरी १९०४ मध्ये एक भटके मांजर येऊन राहिले होते. १९०८ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांनी स्नेह्यांना पत्रे धाडून कळविले. कादंबरीतील जिवंतपणाचे मूळ या सहवासात असावे.

भगवतीचरण वर्मा यांची ‘प्रायश्चित्त’ ही हिंदी कथा आम्हा माळव्यातील मराठी मंडळींना परकी नाही. सुनेच्या हातून कबरी मांजर मेली असे समजून पंडित सोन्याच्या मांजरीचे दान सांगतात; वजनावरून घासाघीस होते. तोच मांजर उठून पळून जाते. तिला बोलते करण्याचा मोह लेखकाने टाळला, म्हणूनच ही कथा आम्हांस अधिक सरस वाटते.

आमच्या घरी मनी आहे. वाडग्यातले स्वच्छ पाणी सोडून ती न्हाणीघरातल्या बादलीतले पिते आणि जो कागद आम्ही वाचावयास घ्यावा, त्यावरच बसते. पत्नीच्या निधनानंतर ती रोज दुपारी तिच्या खुर्चीत बसू लागली. येणारे म्हणत, मुके जनावर, पण किती जीव लावला! आम्हांलाही ते खरे वाटावेसे वाटे. पुढे ऋतू पालटला, ऊन सरकले, आणि मनी उन्हामागोमाग ट्रंकेवर गेली. तो दिवस आम्हांस जड गेला, हे कबूल केले पाहिजे. परंतु तिच्यावर शोक लादणे आणि पंचतंत्राने ढोंग लादणे यांत फारसा भेद नव्हता.

ब्रिटिश संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की मालकाने मांजराकडे पाहत सावकाश डोळे मिटले, तर मांजरही डोळे बारीक करून उत्तर देते. आम्ही प्रयोग करून पाहिला. ट्रंकेवरून मनीने आमच्याकडे पाहिले आणि हळूहळू डोळे मिटले. जवळपास दूध नव्हते.

अभिप्रायाचा रकाना आम्ही तूर्त कोरा ठेवला आहे.