आरशाची साक्ष अपुरी

मालवण-वेंगुर्ल्याकडे थंडीत टाचा फुटल्या की कोकमाच्या बियांचे मुठेल लावतात. तेच आता ‘कोकम बटर’ म्हणून चेहऱ्याच्या क्रीममध्ये येते. पण टाचेचा अनुभव गालाला लागू होईलच असे नाही. म्हणून आपण नवे क्रीम महिनाभर लावतो आणि आरशात पाहून निकाल देतो. याला प्रयोग म्हणता येईल का? आमच्या मते नाही.

समजा, क्रीम मे महिन्यात सुरू केले. जूनमध्ये आभाळ भरून आले, ऊन कमी झाले आणि रापलेला चेहरा उजळला. श्रेय क्रीमचे की ढगांचे? एकाच गालाला क्रीम लावले असते, तर ऊन-पाऊस दोन्ही गालांना सारखाच मिळाला असता आणि क्रीमचा परिणाम वेगळा दिसला असता.

तरीही एक धोका उरतोच. पारा मिसळलेले क्रीम या कसोटीला सहज उतरेल! मेलॅनिन बनवणाऱ्या टायरोसिनेज या विकराला पारा अडवतो, त्यामुळे त्वचा खरोखरच उजळते. मात्र तोच पारा त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडांना इजा करतो. अकोल्यातील एका कुटुंबातील तिघांना अशा क्रीममुळे मूत्रपिंडाचा विकार झाल्याचे २०२३ साली उघडकीस आले.

वर्गात जाहिरातींची चर्चा करताना म्हणूनच दोन प्रश्न विचारावेत. तुलना कशाशी केली? आणि आरशात जे दिसत नाही, ते कोणी तपासले? ज्या डबीवर घटकांची यादी आणि उत्पादकाचा परवाना क्रमांक नाही, तिचा प्रयोग गालावर करूच नये.