मोरो क्रिसचे कालनिर्णयन : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

फिलिपाईन्सच्या दक्षिणेकडील मिंडानाओ व सुलू बेटांवरील मोरो समाजाची जुनी शस्त्रे आज अनेक देशांतील वस्तुसंग्रहालयांत व खासगी संग्रहांत आढळतात. त्यांच्या अभ्यासात हर्बर्ट क्रीगर यांची स्मिथसोनियनने १९२६ मध्ये प्रसिद्ध केलेली सूची आणि रॉबर्ट केटो यांचा ‘मोरो स्वोर्ड्स’ (१९९६) हे दोन ग्रंथ महत्त्वाचे मानले जातात. क्रीगर यांनी शीर्षकातच या शस्त्रांना ‘आदिम’ ठरविले. पोलादाचे थर एकत्र घडवून, आम्लाच्या प्रक्रियेने त्यांचे पोत पात्यावर उठवून दाखविणाऱ्या लोहारांच्या कामाला हे विशेषण लावणे, हा केवळ शब्दाचा दोष नव्हे. त्यामागे वसाहतकालीन दृष्टी आहे.

केटो यांनी कालक्रमाचा प्रश्न प्रथमच गांभीर्याने हाताळला. मोरो क्रिस (स्थानिक नाव ‘कालिस’) ही दुधारी तलवार असून जावाच्या क्रिसपेक्षा मोठी व जड असते. पात्याच्या मुळाशी आडवा रुंद भाग असतो, त्यास ‘गांग्या’ म्हणतात. जुन्या पात्यांत तो स्वतंत्र घडवून बसविलेला असतो व जोडाची रेषा सरळ जाते; पुढील काळात ती टोकाशी तिरकी वळते; विसाव्या शतकातील अनेक पात्यांत जोडच नसतो, केवळ कोरलेली रेषा जोडाचा आभास निर्माण करते. ही कसोटी उपयुक्त आहे. परंतु तिचा वापर नियमासारखा झाला, हे खटकते. सर्व गावांतील लोहारांनी एकाच वेळी आपली पद्धत बदलली, असे मानण्यास आधार नाही. नागमोडी पाते म्हणजे जुने पाते, हा समज तर सर्वस्वी चुकीचा आहे. सरळ पात्याचे अस्सल क्रिस विपुल आहेत.

मूठ व म्यान यांवरून काळ ठरविणे त्याहून धोक्याचे आहे. लाकडी मूठ झिजते, तडकते, नवी बसविली जाते. पाते मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकते. पानाच्या आकाराच्या, एकधारी ‘बारोंग’च्या काकाकुवाच्या शिरासारख्या मुठीबाबत आणि ‘कांपिलान’च्या उघड्या जबड्यासारख्या मुठीबाबतही हेच म्हणावे लागेल. हस्तिदंती मूठ पाहून पात्यास राजघराण्याशी जोडणारे विक्रेते येथे मुद्दाम डोळेझाक करतात.

सर्वाधिक हानी मात्र आस्थेतून होते. गंज काढण्याच्या भरात यंत्राने घासलेल्या पात्यावरील थरांचा पोत व जोडाची रेषा, म्हणजे ज्यावरून काळ ठरवावयाचा तो पुरावाच, पुसट होतो. शिवाय १८९८ नंतर अमेरिकन अंमलात अनेक पाती लष्करी व मुलकी अधिकाऱ्यांकरवी परदेशी गेली. अशा वस्तूंच्या नोंदीत देणाऱ्याचे नाव बहुधा सापडते, घडविणाऱ्या लोहाराचे क्वचितच.