‘डॉन’ या नदीनामाची व्युत्पत्ती

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर ॲबरडीन येथे डी आणि डॉन या दोन नद्या उत्तर समुद्रास मिळतात. त्यांपैकी ‘डॉन’ हे नाव व्युत्पत्तिविचारातील एका नेहमीच्या प्रमादाचे उत्तम उदाहरण आहे.

आजच्या उच्चारावरून या नावाचे दोन अर्थ सहज सुचतात. गेलिक भाषेत ‘डॉन’ म्हणजे तपकिरी. तेव्हा ही तपकिरी पाण्याची नदी, हा पहिला. रशियातील डॉन नदीचे नाव प्राचीन इराणी ‘दानु’ (नदी) या शब्दापासून आले असून ऋग्वेदातील ‘दानु’ हा त्याचा सगोत्र होय. तेव्हा स्कॉटिश डॉनही त्याच कुळातील, हा दुसरा. दोन्ही अर्थ आकर्षक आहेत. परंतु दोहोंचा आधार केवळ आजचे रूप हाच आहे.

जुनी साक्ष निराळी आहे. गेलिक भाषेत या नदीचे नाव ‘डॉन’ असे एकाक्षरी नसून ‘ए’कारयुक्त व द्व्यक्षरी आहे, ‘तपकिरी’ या अर्थाचा शब्द तेथे बसत नाही. दुसऱ्या शतकातील टॉलेमीच्या भूगोलग्रंथात या प्रदेशात ‘देवा’ ही नदी व ‘देवाना’ ही वसाहत नोंदलेली आहे. ‘देवा’ म्हणजे आजची डी. डॉनचे मूळ ‘देवोना’ असे मानून वॉटसन यांनी १९२६ च्या आपल्या स्थलनामविषयक ग्रंथात या नावाचाही अर्थ ‘देवी’ असाच केला. गॉलमधील काओर नगराचे ‘दिवोना’ हे प्राचीन नाव या मतास पोषक आहे. देवाना हे नदीचे नव्हे, वसाहतीचे नाव आहे, हा दुवा तेवढा अनुमानाचा. तथापि ज्ञात रूपांचा मेळ याच अर्थाशी बसतो.

येथे संस्कृतज्ञास दुसरा मोह पडण्याचा संभव आहे. ‘देवा’ आणि ‘देवी’ यांचे साम्य खरे आहे, पण ते भगिनीभावाचे आहे, जन्यजनकभावाचे नव्हे. मूळ इंडो-युरोपीय संयुक्त स्वराचा केल्टिकमध्ये व संस्कृतात स्वतंत्रपणेच एकार झाला. म्हणून डी नदीस ‘संस्कृतोद्भव’ म्हणणे हे डॉनला तपकिरी म्हणण्याइतकेच अशास्त्रीय ठरते. सारखे दिसणारे ‘दानु’ येथे परके ठरते आणि दूरचे वाटणारे ‘देवी’ आप्त ठरते. असा निवाडा साम्यावरून होत नाही. तो जुन्या रूपांवरून व ध्वनिनियमांवरूनच करावा लागतो.