थोरली पाती, धाकटी पाती

शिवाजीमहाराजांनी व्यंकोजीराजांस लिहिलेले वैराग्यनिषेधाचे पत्र आपण आजवर एका थोर पुरुषाच्या स्वभावाचा पुरावा म्हणून वाचीत आलो. ते तसे आहेच. परंतु वाङ्मय म्हणून पाहावयाचे तर प्रथम एवढे ध्यानात घ्यावे लागते, की हे एका भावाने दुसऱ्या भावास लिहिलेले पत्र आहे, आणि ज्यास लिहिले त्याच्या हातून नुकतीच वडिलार्जित दौलत गेलेली आहे. ती नेणारा लिहिणाराच आहे.

प्रसंग थोडक्यात असा. शहाजीराजे 1664 साली वारले. कर्नाटकातील त्यांची जहागीर व्यंकोजीराजांकडे राहिली. पुढे 1675-76 च्या सुमारास त्यांनी तंजावर घेतले. 1677 च्या दक्षिण मोहिमेत थोरल्या बंधूंनी वडिलांच्या दौलतीचा निम्मा वाटा मागितला. भेट झाली, बोलणी फिसकटली आणि व्यंकोजीराजे रातोरात कोलेरून नदी ओलांडून निघून गेले. त्याच वर्षी त्यांनी केलेली लढाईही फसली. तीत शिवाजीमहाराजांच्या बाजूस संताजी भोसले, म्हणजे आणखी एक सावत्र भाऊच, होता. अखेर तह झाला. बेंगरूळ वगैरे प्रांत चोळीबांगडीसाठी म्हणून दीपाबाईंस देण्यात आले. पराभूत भावाचा मान राखण्याची ही तोड मोठी चतुर खरी. पण वाटा दिराने भावजयीस दिला, भावाने भावास नव्हे.

पत्राचा आरंभच पाहावा. पुष्कळ दिवस तुमचे पत्र नाही, म्हणून समाधान नाही. मग रघुनाथपंतांनी कळविलेले वर्तमान येते: शरीराकडे दुर्लक्ष, सणवार नाहीत, सैन्य रिकामे, तीर्थाच्या ठिकाणी जाऊन बसण्याच्या गोष्टी. त्यावर उपदेश असा की, वडिलांनी कोणकोणते प्रसंग सोसले ते आठवा. हे दिवस कर्तृत्वाचे आहेत, वैराग्य उतारवयासाठी ठेवा. गद्य म्हणून याची जात उच्च आहे. ममता आणि कानउघाडणी एकाच श्वासात येतात, शब्द एकही वाया जात नाही. तथापि सांत्वन म्हणून हे पत्र एका जागी मुके आहे. औदासीन्याची लक्षणे त्यात एकेक मोजून येतात, कारण येत नाही. ज्या मोहिमेने भावाचे मन मोडले तिचे नावही नाही. मला हा दोष वाटत नाही; थोरलेपणाची भाषा अशीच असते. परंतु टीकाकारांनी हे मौन न ऐकता केवळ उपदेश तेवढा ऐकावा, ही मात्र वाचनातील उणीव होय.

सभासदाने हाच प्रसंग रंगविला तो जिंजीस बसून, म्हणजे त्याच मोहिमेत मिळालेल्या किल्ल्यात. धाकट्याच्या पलायनावर थोरल्याच्या तोंडी त्याने जे घातले त्याचा भाव इतकाच, की धाकटा तो धाकटा, बुद्धीही तशीच. कौतुक आणि तुच्छता यांचे इतके घरगुती मिश्रण मराठी गद्यात क्वचित सापडते. पण तेही थोरल्या पातीचेच बोलणे.

येथे भाषांतरकार म्हणून एक गोष्ट नोंदवितो. तमिळमध्ये भाऊबंदास 'पंगाळी' म्हणतात. 'पंगु' म्हणजे वाटा, वाटा असलेला तो पंगाळी. आपला 'दाईज' हा शब्दही त्याच घडणीचा. दोन्ही भाषांना नाते आणि वाटा यांच्यात अंतर दिसले नाही. व्यंकोजीराजांचा प्रश्न मात्र नेमका त्या अंतराचा होता: जहागीर वडिलार्जित खरी, पण आपण जिंकलेले तंजावर कोणाच्या वाट्यात धरावयाचे? कागदावर हा प्रश्न थोरल्या बाजूनेच मांडलेला आपल्या वाचनात येतो.

धाकट्या पातीचा लेख पाहावयाचा तर सव्वाशे वर्षे पुढे यावे लागते. मधल्या काळात व्यंकोजीराजांचे तिघे पुत्र, शहाजी, सरफोजी आणि तुकोजी, 1684 ते 1736 एकामागून एक गादीवर आले. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात तंजावरला जागा मिळते ती या शहाजीच्या नाटकांमुळे, आणि तेथेच आपली उत्सुकता संपते. दुसऱ्या सरफोजीचा वाद दत्तक वडिलांचा सावत्र भाऊ अमरसिंग याच्याशी झाला. 1798 साली गादी मिळाली, पण 1799 च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. उरला किल्ला, वर्षास एक लाख पागोडे व उत्पन्नाचा पाचवा हिस्सा. त्यानंतर चारच वर्षांनी, 1803 साली, भोसल्यांचा समग्र वंशेतिहास बृहदीश्वराच्या आवारातील भिंतीवर मराठीत कोरला गेला. राज्य होते तोवर या घराण्यास अशा लेखाची गरज भासली नव्हती.

इतिहासाची साधने म्हणून या लेखातील कालक्रमाच्या चुका दाखविल्या गेल्या आहेत, ते योग्यच. पण तो बखरगद्याचा नमुना आहे आणि त्याचा कर्ता बाबूराव चिटणीस आहे. चिटणिसाने धन्याचा पक्ष मांडावा यात नवल नाही. नवल आहे ते माध्यमाचे. कागद राजवाड्यातील सरस्वती महालात हवे तितके होते, मोडी दप्तरेही होती. सरफोजीने दगड निवडला, तोही राजराज चोळाने आपली दाने कोरून ठेवलेल्या देवळातला. वैराग्य धरलेल्या पूर्वजास जे उत्तर लिहिता आले नव्हते ते येथे कोणास उद्देशून लिहिले आहे, हे ठरविणे कठीण आहे. देवळात येणाऱ्या बहुसंख्यांची भाषा तमिळ. कंपनीचे अधिकारी मराठी वाचणारे नव्हेत. आणि ज्या थोरल्या पातीस तो वाचता आला असता तिची गादी साताऱ्यास, पेशव्यांच्या बंदोबस्तात होती.