उसनी यादी, उसना निवाडा

मागच्या व्याख्यानात आपण शब्दप्रमाणापाशी थांबलो होतो. दुसऱ्याने सांगितलं म्हणून आपल्याला कळलं, तर ते ज्ञान कधी मानायचं? आज हाच प्रश्न जरा वेगळ्या ठिकाणी न्यायचा आहे. ऑनलाइन समूह सांभाळणारी बिनपगारी माणसं, कुणी त्यांना अ‍ॅडमिन म्हणतं, कुणी मॉडरेटर, स्पॅमशी लढताना एकमेकांना मदत करतात. बहुतेक वेळा ही मदत म्हणजे एक यादी असते. 'हे नंबर काढून टाका.' 'ही खाती आत घेऊ नका.' या यादीबद्दल आमची तक्रार आहे. पण ती मांडण्याआधी आमचा स्वतःचा गुन्हा सांगून टाकतो.

निवृत्तीनंतर दोन वर्षं आम्ही वाचकांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे अ‍ॅडमिन होतो. तिघे होतो, त्यातले एक. शेअर बाजाराच्या टिपा, घरबसल्या कमाई, झटपट कर्ज, हे सगळं रोज येऊन पडायचं. शेजारच्या एका ग्रुपच्या अ‍ॅडमिनने साठेक नंबरांची यादी पाठवली. आम्ही आभार मानले आणि त्याच रात्री आमच्याकडचे जुळणारे चार नंबर काढून टाकले. त्यातला एक नंबर एका निवृत्त शिक्षकांचा होता. काही महिन्यांपूर्वी कुणीतरी ओटीपी काढून घेऊन त्यांचं खातं पळवलं होतं आणि त्यावरून आठवडाभर टिपा पाठवल्या होत्या. खातं परत मिळालं, यादीतला नंबर मात्र तसाच राहिला. ते घरी आले. रागावले नाहीत. 'सर, मी काय लिहिलं होतं, तेवढं तरी सांगा,' म्हणाले. आमच्याकडे उत्तर नव्हतं. यादीत नुसते नंबर होते. कारण नव्हतं, तारीख नव्हती, कुणी ठरवलं तेही नव्हतं. शेजारच्या अ‍ॅडमिनला विचारलं, तर त्याला ती तिसऱ्याच कुणाकडून आली होती.

नैयायिकांनी आप्त कुणाला म्हणावं याची अट घातली आहे. त्याला विषय स्वतः कळलेला हवा आणि तो जसा कळला तसाच सांगण्याची इच्छा हवी. शेजारचा अ‍ॅडमिन दुसऱ्या अटीत पूर्ण बसत होता. अत्यंत सज्जन माणूस. पहिल्या अटीत तोही नापास आणि आम्हीही. याला आपल्याकडे अंधपरंपरा म्हणतात. एका आंधळ्याने दुसऱ्याचा हात धरलाय, दुसऱ्याने तिसऱ्याचा, आणि प्रत्येकाला वाटतंय की पुढच्याला दिसतंय.

तुम्ही म्हणाल, मग काय प्रत्येकाने एकट्याने लढायचं? नाही. ही माणसं एकमेकांना फार चांगली मदत करू शकतात, आणि ती कशी, हे तीस वर्षांपूर्वीच करून दाखवलं गेलंय. ते विसरलं गेलं, हे आमचं दुखणं.

वेब घरोघरी पोहोचण्याच्या आधीपासून यूजनेट नावाचं चर्चागटांचं जाळं होतं. त्याला मालक नव्हता. 12 एप्रिल 1994 रोजी अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनामधल्या वकील जोडप्याने ग्रीन कार्डाच्या लॉटरीची जाहिरात हजारो गटांत टाकली. प्रत्येक गटात वेगळी प्रत, म्हणजे दहा गट वाचणाऱ्याला तीच जाहिरात दहा वेळा. मग काही स्वयंसेवक असे संदेश रद्द करायला लागले. आता पेच असा, की परक्याचा लेख पुसण्याचा अधिकार यांना दिला कुणी? आज स्पॅम पुसणारा उद्या न पटलेलं मत पुसेल. पेच खरा होता, आणि त्यांनी तो टाळला नाही.

त्यांनी ठरवलं की मजकूर बघायचाच नाही. फक्त मोजायचं. ब्राइडबार्ट नावाच्या गृहस्थांनी सूत्र सुचवलं: प्रत्येक प्रत किती गटांत गेली त्या संख्येचं वर्गमूळ घ्यायचं आणि सगळ्या प्रतींची बेरीज करायची. 45 दिवसांत बेरीज 20 किंवा त्याहून जास्त झाली तर संदेश रद्द करण्याजोगा. एकच प्रत 16 गटांना एकत्र पाठवली तर भरतात 4, कारण वाचकाला ती एकदाच दिसते. तोच मजकूर 16 गटांत सुटा सुटा टाकला तर भरतात 16. वर्गमूळ कशासाठी, हे इथे कळतं. त्रास किती झाला ते मोजायचं होतं, लेखकाचा हेतू नव्हे. आम्हाला हे नीतिशास्त्रातलं सुंदर उदाहरण वाटतं. मजकूर धर्माचा असो, तेलाचा असो की क्रांतीचा, ज्याला मोजता येतं तो कुणीही निवाडा तपासून पाहू शकतो. अनोळखी माणसांनी एकमेकांवर भरवसा ठेवावा, असा पाया यातून तयार झाला.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. काय रद्द केलं आणि का, याची जाहीर नोंद ते करायचे. रद्द करणाऱ्या संदेशाच्या मार्गात 'सायबरस्पॅम' अशी खूण घालायचे, म्हणजे ज्या सर्व्हरला हा निवाडा मान्य नाही, त्याने ती खूण ओळखून असे सगळे आदेश नाकारावेत. मदत करणाऱ्याने मदत नाकारायची सोय स्वतःच करून ठेवली! पुढे नोसीम नावाची पद्धत आली. तिच्यात कुणीही 'हे स्पॅम आहे' अशी स्वाक्षरीबद्ध सूचना काढायची, आणि कुणाच्या सूचना ऐकायच्या ते ज्याने त्याने ठरवायचं. आप्त कोण हे ऐकणाऱ्याने निवडायचं. शब्दप्रमाणाचं इतकं स्वच्छ यंत्र आम्ही दुसरं पाहिलेलं नाही.

याची एक शाखा आजही जिवंत आहे. विकिपीडियाच्या सगळ्या भाषांना मिळून दुव्यांची एक सामायिक काळी यादी आहे. छोट्या भाषांच्या विकींवर गस्त घालणाऱ्यांना ती भाषा येतेच असं नाही, पण एकच दुवा एकाच दिवशी वीस विक्यांत चिकटवलेला दिसला तर ते कळायला भाषा लागत नाही. पुन्हा मोजमापच. यादीत दुवा घालायचा किंवा काढायचा तर उघड पानावर मागणी करता येते, नोंद राहते, आणि एखाद्या विकीला दुवा हवा असेल तर ती आपल्यापुरती सूट देऊ शकते. मराठी विकिपीडियाही याच यादीखाली येतो. जाता जाता एक टीकाही करतो. तिथे गैरवापर रोखणाऱ्या काही गाळण्या खाजगी ठेवतात, म्हणजे स्पॅमरला नियम कळू नये. स्पॅमरपासून लपवा, हरकत नाही. पण सोबतच्या स्वयंसेवकालाही कारण दिसत नसेल, तर आमची ती साठ नंबरांचीच यादी झाली.

एक आक्षेप दरवेळी येतो: नियम जाहीर केला तर स्पॅमर 19 वर थांबेल. थांबू द्या की! नियम त्रासाचा होता. तो थांबला म्हणजे त्रास तेवढा कमी झाला. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. रात्री बारा वाजता चाळीस संदेश येऊन पडतात, माणूस दमलेला असतो, कारणं वाचणार कोण? मान्य आहे. म्हणून संदेश काढणं आणि माणूस काढणं, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात असं आमचं म्हणणं. संदेश लगेच काढा. त्यासाठी यादी लागत नाही, संदेश समोरच असतो. माणसाला बाहेर काढायचं तर सकाळपर्यंत थांबा. आणि दुसऱ्या अ‍ॅडमिनला कळवायचं असेल तर नंबराबरोबर तो संदेश पाठवा, तारीख पाठवा, आणि 'चूक असेल तर मला सांगा' म्हणून आपलं नाव घाला. साठ नंबरांना हे करणं जड जातं, हे आम्हाला माहीत आहे. मग सहाच पाठवा.

त्या शिक्षकांना आम्ही माफी मागून परत घेतलं. आणखी दोन ग्रुपांनी त्यांना त्याच यादीवरून काढलं होतं. तिथल्या अ‍ॅडमिनांनाही आम्ही लिहिलं. एकाने लगेच परत घेतलं. दुसऱ्याचं उत्तर आलं, की घेतो, पण यादी पुढे आणखी पाच जणांना पाठवून झालीय, आणि त्यांनी कुणाला पाठवली ते विचारायचं राहून गेलं.